दोरीनाना गाडी का बदलत नव्हते

आमच्या इमारतीच्या आवारात गाड्यांची सारखी ये-जा असते. तळमजल्यावरचे विमेवाले दर चार वर्षांनी गाडी बदलतात. सीटवरचं प्लास्टिक फाटायच्या आत त्यांचं मन तिच्यावरून उडालेलं असतं. दुसऱ्या मजल्यावरच्या जोडप्याचं सात-आठ वर्षं निभतं. मग एका रविवारी सगळं कुटुंब नव्या गाडीपुढे दात दाखवत फोटो काढतं आणि जुनी बिचारी परक्या माणसाच्या हाताखाली फाटकाबाहेर जाते. वळून कुणी बघत नाही.

या सगळ्या वर्दळीत एक गाडी बावीस वर्षं एकाच शेडमध्ये राहिली. फिकट निळी, एका दाराचा निळा जरासा वेगळा, कारण ते दार दुसऱ्या कुठल्यातरी गाडीचं. तिचे मालक आमचे दोरीनाना.

दोरीनाना आमच्या नाटक कंपनीत पडदा ओढायचे. मी आयुष्यभर रंगमंचावर वावरले. राणी झाले, सासू झाले, एकदा तर नट आजारी पडला म्हणून मिशा लावून सेनापतीही झाले. टाळ्या मी घेतल्या. पण टाळ्या अगदी भरात असताना पडदा कधी टाकायचा, हे विंगेत दोरीपाशी उभा असलेला हा किडकिडीत माणूस ठरवायचा. ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजायचा आणि दोरी सोडायचा. क्षणभर आधी नाही, क्षणभर नंतर नाही. माझ्या निम्म्या टाळ्या खरं तर त्यांच्याच.

त्यांची आणखी एक कामगिरी होती. दोन दृश्यांच्या मध्ये दिवे जायचे आणि त्या मिट्ट काळोखात आम्हाला आपापल्या जागी जाऊन उभं राहावं लागे. नाना दुपारीच गुडघ्यांवर बसून फळ्यांवर चिकटपट्टीचे तुकडे लावत, आणि मग एकेकाला हाताला धरून चालवत. "बाई, इथून पावलं मोजत यायचं. उजव्या हाताला खांब लागेल. खांब सुटला की खुर्ची. डोळे वापरायचे नाहीत. बघायला गेलात की धडपडलात म्हणून समजा."

आणि एक खूण होती, कंपनीबाहेर कुणाला ठाऊक नसलेली. रंगमंचावर काही भलतंच झालं तर टाच आपटायची. एकदा, मग जरा थांबून लागोपाठ दोनदा. ती ऐकली की नाना पडदा पाडत. का आणि कशाला, ते नंतर. ऐन दरबारात आमचे महाराज एकदा सिंहासनावर बसल्या बसल्या पांढरेफटक पडले. प्रेक्षक म्हणतात, काय अभिनय आहे! मी टाच आपटली. पडदा खाली. महाराज वाचले, आणि पुढे कितीतरी वर्षं त्यांनी आमचा छळ केला.

कंपनी बंद पडली तेव्हा नानांनी ही निळी गाडी घेतली आणि भाड्याने चालवली. बायको गेली, केस गेले, भाडी मारणं थांबलं, गाडी राहिली. मुलगी नर्स, तिची सकाळची पाळी. जावई जहाजावर, म्हणजे घरी कमी आणि फोनवर जास्त. त्यामुळे नातीला, आमच्या चिमणीला, शाळेत सोडण्याचं काम नानांकडे. रोज सकाळी निळी म्हातारी खोकत खोकत बाहेर पडायची.

"नाना," विमेवाले फाटकात उभे राहून म्हणायचे, "लोक गाडी बदलतात, तुम्ही नुसती चाकं बदलता. आता सोडा की तिला."

"तुमच्या बायकोने तुम्हाला सोडलं का?" नाना विचारायचे. "तुमचाही आवाज वाढलाय आणि धूर निघतोय."

मेकॅनिक तर हात जोडायचा. "ही गाडी पेट्रोलवर चालत नाही, नानांच्या हट्टावर चालते."

प्रत्येकाने आपापलं कारण शोधून ठेवलं होतं. कुणी म्हणे चिक्कू आहेत. कुणी म्हणे पुढच्या सीटवर बायको बसायची, म्हणून जीव अडकलाय. मुलगी दर महिन्याला विषय काढायची. "बाबा, अहो एवढी वर्षं कुणी गाडी ठेवतं का? ब्रेक लागला नाही एखाद्या दिवशी तर?"

"तिचा ब्रेक मला कळतो."

"मला नाही कळत ना! पोर असते आत."

नाना हसून विषय टाळायचे. मीही हसायचे. मला वाटायचं, म्हातारा माणूस, जुन्याची माया. आपल्यालाही आपला जुना मेकअपचा डबा कुठे टाकवतो?

गेल्या हिवाळ्यात माझा गुडघा रुसला. व्यायाम करून घेणारी मुलगी शाळेच्या पलीकडच्याच गल्लीत बसायची. नाना म्हणाले, "बाई, चला की आमच्याबरोबर." म्हणून मी पुढे बसले, चिमणी मागे.

शेडमध्ये छतापासून सुतळीला एक चेंडू टांगलेला होता, काचेला जेमतेम टेकलेला. "हा कशाला?" मी विचारलं.

"गाडी आत घेताना काचेला चेंडू लागला की थांबायचं. नाहीतर भिंत."

मला गंमत वाटली. स्टिअरिंगच्या बरोबर वरच्या टोकाला दोऱ्याची एक गाठ मारलेली होती. निघालो. नाना छान चालवत होते, सावकाश, मान ताठ. समोरचा लाल दिवा त्यांनी लांबूनच पाहिला. बेकरीवरून पुढे गेलो, पावाचा वास आला, तशी त्यांनी काच थोडी खाली केली आणि त्यांचे ओठ हलायला लागले. मला वाटलं, गुणगुणतायत.

तेवढ्यात डावीकडच्या फुटपाथवरून एक बाई खाली उतरली. हातात कापडी पिशवी. माझ्या बाजूला, इतक्या जवळ, की तिच्या स्वेटरची वीण मला दिसली. मी तोंड उघडायच्या आत खट्ट असा आवाज झाला. आमचा आरसा तिच्या पिशवीला लागून आत मिटला. गाडी तशीच पुढे गेली. ना ब्रेक, ना वळण, नानांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"कसला आवाज झाला?" त्यांनी विचारलं.

"आजोबा, त्या काकूंची पिशवी पडली," चिमणी मागून म्हणाली. "बटाटे घरंगळले सगळे."

"कुठल्या काकू गं?"

मी मागे वळून पाहिलं. बाई उभी होती, मुठी आवळून, आमच्याकडे बघत. धडधाकट उभी होती. नानांचे ओठ पुन्हा हलायला लागले, आणि आता मला कळलं. ते गुणगुणत नव्हते. दोरीपाशी उभे राहून मोजायचे तसे मोजत होते. बेकरीचा वास, मग आकडे, मग डावीकडे वळण. गाठ हाताखाली आली की चाकं सरळ. हा माणूस माझ्या पोटच्या पोरीसारख्या मुलीची मुलगी मागे बसवून, भर रस्त्यात, भर उजेडात, काळोखातला प्रवेश करत होता.

दुसऱ्या कुणाला तो ओळखता आला असता का? नाही. नानांनी मला स्वतःच्या हाताने तसं चालायला शिकवलं होतं.

दुपारी मी त्यांना चहाला बोलावलं. कप त्यांच्यापुढे न ठेवता डाव्या कोपराच्या जरा बाहेर ठेवला. ते समोर बघत राहिले. चहाची वाट बघत.

"नाना, चहा निवतोय."

हात पुढे गेला, टेबलावरून हळूहळू सरकत कपापर्यंत पोचला. तोपर्यंत त्यांना कळलं होतं.

"कधीपासून?" मी विचारलं.

त्यांनी एक घोट घेतला. मग दोन्ही हातांच्या मुठींची नळी करून डोळ्यांना लावली. "एवढं दिसतं. समोरचं लख्ख दिसतं हो बाई, तुमच्या कपाळावरची टिकली दिसते. पण कडेचं गेलं. आधी वाटलं, चष्म्याची काच घाण झालीय. मग काचा पुसत बसलो. वर्ष गेलं त्यात."

"डॉक्टर?"

"गेलो होतो, एकटाच. गेलं ते परत येत नाही म्हणाला. राहिलंय ते टिकवायला थेंब दिलेत. आणि म्हणाला, गाडी बंद."

"आणि तुम्ही?"

"थेंब घालतो." ते ओशाळं हसले. मग ते हसूही गेलं. "या गाडीत मला डोळे लागत नाहीत. कुठल्या गिअरमध्ये काय बोलते ते पायाला कळतं. पूर्ण वळली की डावं चाक कण्हतं. मी रस्त्याच्या कडेला गेलो की खालचा पत्रा थरथरतो. बावीस वर्षांत ती मला सगळं सांगायला शिकलीय. नव्या गाडीत बसलो की मी आंधळा."

"नाना, ती पिशवी होती. तिच्या जागी पोर असतं तर?"

"मला झोप लागते असं वाटतं का तुम्हाला? पण गाडी सोडली की मग काय? पोरीने नोकरी सोडायची? आणि मी खुर्चीत बसून, कुणी काय कुठे ठेवलंय ते चाचपत दिवस काढायचे? बाई, शाळेला सुट्टी लागेपर्यंत. तेवढे थोडे आठवडे. मग मी स्वतः सांगतो. तोवर हे तुमच्या माझ्यात."

मी काय म्हणायला हवं होतं, ते वाचणाऱ्याला कळतंच आहे. मलाही कळत होतं. पण समोर बसलेला माणूस मला काळोखात हाताला धरून चालवणारा होता. मी म्हणाले, "मग रोज मी बाजूला बसेन."

आणि सुरू झाला आमचा प्रयोग. गुडघा बरा झाला तरी मी रोज सकाळी पुढच्या सीटवर. उघड सांगायची सोय नव्हती, मागे चिमणी. म्हणून मी बोलत सुटायचे. "अगंबाई, डावीकडून काय सायकल आली बघ, केवढी चकचकीत!" नाना हळू करायचे. "उजवीकडचा हा माणूस अगदी आपल्या महाराजांसारखा चालतो नाही? आला बघा रस्त्यात!" नाना थांबायचे. चिमणीला तो खेळ वाटला. तीही सुरू झाली. "बाईआजी, डावीकडे कुत्रा! आजोबा, कुत्रा माझा पॉइंट!"

ती खिदळायची. माझ्या पाठीवर घामाची धार असायची. रंगमंचावर वाक्य विसरण्याची भीती मला माहीत होती. तिच्यात फार तर आपली अब्रू जाते. इथे माझं एक वाक्य उशिरा आलं असतं तर कुणाचं तरी पोर गेलं असतं. रात्री डोळे मिटले की तो खट्ट आवाज यायचा. कधी पिशवीचा, कधी नुसता.

मग मला ताप आला. सकाळी पाय जमिनीवर ठेवला तर खोली फिरली. खिडकीशी पोचले तोवर निळी गाडी फाटकातून निघत होती. मी काच ठोठावली. आजारी म्हातारीच्या बोटांचा आवाज केवढा! चिमणीने मागच्या काचेतून मला हात हलवला.

मी खिडकीतच बसून राहिले. रस्ता बघत. विमेवाले निघाले, दूधवाला आला, शेजारणीने गादी उन्हात घातली. नाना एरवी जेवढ्या वेळात परत यायचे तेवढा वेळ झाला. मग तेवढाच पुन्हा झाला. लांबून एका गाडीचा कर्कश भोंगा ऐकू आला, नुसता वाजतच राहिला. मी फोन हातात घेतला, पण लावायचा कुणाला? चालवताना नानांना? की मुलीला, आणि सांगायचं काय?

शेवटी ती आली. निळी, फाटकातून रांगत, पुढच्या बंपरला ओल्या सिमेंटचे शिंतोडे. नाना उतरले आणि गाडीला पाठ टेकून तसेच उभे राहिले. मी खाली गेले, भिंत धरत धरत.

"बेकरी बंद होती," ते म्हणाले. "काल त्यांच्याकडे कुणीतरी गेलं म्हणे. वासच आला नाही. मी वाट बघत राहिलो आणि सरळच गेलो. पुढे खणून ठेवलंय. मजूर ओरडला म्हणून..." त्यांनी हात हवेत केला. "चाक काठावर होतं बाई. चिमणी म्हणाली, आजोबा, आज बाईआजी नाही ना, म्हणून आपण हरलो."

"नाना, आज संध्याकाळी सांगायचं. तुम्ही नाही तर मी."

त्यांनी मान हलवली. हो म्हणून.

पण संध्याकाळी आवारात गलका ऐकू आला. खिडकीतून पाहिलं तर फाटकाशी नवी गाडी. पांढरी, गुळगुळीत. नानांची मुलगी अजून रुग्णालयाच्या कपड्यांतच, चेहरा नुसता फुललेला. शोरूमचा माणूस हसत उभा. विमेवाले गाडीभोवती फेऱ्या घालत होते, जशी काही त्यांनीच घेतली.

"बाबांना अजिबात सांगितलं नव्हतं," ती मला पाहून म्हणाली. "मावशी, या ना खाली! जुनी आजच हे घेऊन जाणार. नाहीतर बाबा पुन्हा नाही म्हणतील."

मी काठी घेतली आणि एकेक पायरी उतरू लागले. नाना शेडच्या दारात उभे होते. मुलीने किल्ली त्यांच्या हातात ठेवली. किल्ली म्हणजे नुसती काळी डबी. "बसा बाबा. पहिली चक्कर तुमची."

"ताई, तूच चालव आधी."

"छे! बावीस वर्षं त्या डब्यात काढलीत तुम्ही. बसा!"

चिमणी केव्हाच पुढच्या सीटवर जाऊन बसली होती. आवाराच्या डाव्या बाजूला, भिंतीच्या कडेने, इमारतीची मुलं चेंडू खेळत होती. नानांनी मान जराशी पायऱ्यांच्या दिशेने वळवली. मी त्यांना दिसले का, कोण जाणे, पायऱ्या त्यांच्या कडेला होत्या. मग ते आत बसले. सगळ्यांसमोर एवढ्या आनंदात असलेल्या मुलीला नाही म्हणणं त्यांना जमलं नाही.

शोरूमच्या माणसाने खिडकीतून वाकून एक बटण दाबायला सांगितलं. काहीच झालं नाही. म्हणजे आवाज काहीच झाला नाही.

"सुरू झाली?" नानांनी विचारलं.

"झाली की काका! ही बोलत नाही. हीच तर मजा आहे."

त्यांचा हात स्टिअरिंगच्या वरच्या टोकाला गेला, गाठ शोधत. गाठ नव्हती. ओठ हलायला लागले. पण मोजणार काय? गाडी पुढे सरकली, आवाज न करता, मांजरासारखी, आणि सरकता सरकता डावीकडे झुकायला लागली. मुलांचा चेंडू भिंतीवर आपटून परत आला आणि एक लहानगा त्याच्यामागे धावला.

माझ्या तोंडून शब्द फुटेना. इतकी वर्षं शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज, ऐन वेळी घशातच. मी शेवटच्या पायरीवर उभी होते. दगडाची पायरी. मी काठी आपटली. एकदा. जरा थांबून, लागोपाठ दोनदा.

गाडी थांबली.

इतकी झटकन, की चिमणीचे केस पुढे उडाले. लहानग्याने चाकापासून हातभर अंतरावर चेंडू उचलला आणि पळाला, त्याला काहीच कळलं नाही. नानांनी बटण दाबलं आणि गाडीतला छोटा दिवा विझला. नाना दार धरून उतरले. विमेवाले म्हणाले, "काय झालं नाना, गिअर चुकला का?"

"ताई," नाना म्हणाले, आवाज अगदी साधा, "मला कडेचं दिसत नाही. हा मुलगा मला दिसला नाही. हल्ली कुणीच दिसत नाही."

मुलगी हसत होती, ते हसू तसंच चेहऱ्यावर अडकून राहिलं. मग तिच्यातली नर्स पुढे आली. तिने त्यांच्या कानाशी एक बोट धरलं आणि हळूहळू पुढे आणलं. "दिसलं की सांगा." बोट पुढे आलं, आणखी पुढे आलं, जवळजवळ नाकासमोर.

"हं," नाना म्हणाले. "आता."

तिने बोट मुठीत मिटून घेतलं.

"कधीपासून बाबा?"

"चिमणी शाळेत जायला लागली त्याच्या जरा नंतर."

नव्या गाडीत बसलेल्या चिमणीकडे तिने पाहिलं आणि खाली फरशीवर बसली. मी तिचा चेहरा बघत होते. एकेक सकाळ तिच्या डोळ्यांपुढून चालली होती. डबा भरून, रिबीन बांधून, हसत हसत तिने ज्या गाडीत पोरीला बसवलं होतं, त्या सगळ्या सकाळी. मी इतके दिवस एकटीने बाळगलेली भीती आता तिच्याकडे गेली होती, आणि तिच्याकडे ती फार मोठी होती.

"तुम्हाला माहीत होतं," ती मला म्हणाली. विचारलं नाही. मी मान हलवली. तिने माझ्यावर रागवायला हवं होतं. तिने फक्त माझ्या काठीकडे पाहिलं.

शोरूमच्या माणसाला काय करावं कळेना. जुनी गाडी न्यायची की नाही? "न्या," नाना म्हणाले. "दुसऱ्या गिअरमध्ये जरा दाबून घाला. ओरडली तर घाबरू नका, ती तशीच बोलते."

शोरूमच्या माणसाने निळी गाडी फाटकाबाहेर नेली. नाना तोंड वर करून ऐकत राहिले, ओठ हलत होते. बाकी सगळे आपापल्या घरी गेले. चिमणीने येऊन त्यांचा डावा हात धरला. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण बाजू बरोबर निवडली.

लांबवर कोपऱ्यावर डावं चाक कण्हल्याचा आवाज आला.

"लवकर वळवली," नाना म्हणाले. "बाई, त्याला कडेचं दिसतंय ना नीट?"